उभा काप

बारकी बावन्न वर्षांची झाली, केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी घरात ती बारकीच राहिली. हे नाव अक्काने पाडलेलं, आणि अक्काने पाडलेलं नाव बदलायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. आई गेली तेव्हा बारकी नऊ वर्षांची होती आणि अक्का एकोणीस. अक्काने शिवणाचं मशीन दाराशी ओढून घेतलं, आजूबाजूच्यांचे कपडे शिवायला घेतले आणि त्या खडखडाटात धाकटीला लहानाचं मोठं केलं. अक्काचं तोंड आणि मशीन दोन्ही एकदम चालायची, आणि दोन्हींतलं आधी कोण थांबतं यावर भावोजी शेजाऱ्यांशी पैज लावायला तयार असायचे. भावोजी निवृत्त पोस्टमन. घरात बोलायची पाळी यायची नाही म्हणून जन्मभर दुसऱ्यांच्या दारात जाऊन बोललो, असं ते हसून सांगायचे.

बारकीने लग्न केलं नाही. ती विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायची आणि रविवारी अक्काकडे जेवायला जायची.

विद्यापीठात ती तंत्रज्ञ होती. संशोधन विभागाच्या तळघरातलं शेवटचं दार तिचं. आत एक लांब ओटा, त्यावर मेणाचे पातळ काप काढायचं यंत्र, शेजारी कोमट पाण्याचं भांडं, बर्फाची पाटी, रंगांच्या बाटल्यांची रांग आणि कोपऱ्यात सूक्ष्मदर्शक. वरच्या मजल्यावरचे विद्यार्थी उंदरांच्या यकृताचे तुकडे डब्यांतून आणून द्यायचे. ती ते मेणात बसवायची, मेण गोठलं की ठोकळा यंत्राला लावून केसाच्या विसाव्या हिश्श्याइतके पातळ काप काढायची, ते पाण्यावर सोडायची, कुंचल्याच्या टोकाने सुरकुती मोडायची, काचेच्या पट्टीवर अलगद उचलायची आणि जांभळ्या-गुलाबी रंगांत बुडवून काढायची. मेण फार गार झालं की काप तडकतो. अशा वेळी ती ठोकळ्यावर तोंडाने हलकी वाफ सोडायची. नेमकी किती, ते तिला सांगता आलं नसतं; हाताला आणि श्वासाला ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं ती हेच करत आली होती. विद्यार्थी यायचे, डॉक्टरेट घेऊन जायचे, परदेशातून नमस्कार पाठवायचे. बारकी ओट्याशी तशीच.

तिच्या कामाचा एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पक्का होता. काप काढायचा तिने, त्यात काय दिसतं ते सांगायचं दुसऱ्याने.

त्या वर्षी अक्काच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला. दातांच्या डॉक्टरने दाढेची धार घासून दिली, तरी चट्टा हलेना. मग मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या सर्जनने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून तपासायला दिला.

"जिभेला हाड नसतं म्हणून बरं," बाहेर आल्यावर अक्का सुजल्या तोंडाने म्हणाली, "नाहीतर बिचाऱ्याला करवतच आणावी लागली असती."

आठ दिवस सगळ्यांचे जीव टांगणीला. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. साधी सूज, कॅन्सर नाही, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. भावोजींनी तिन्ही मजल्यांवर दारोदार जाऊन बातमी पोहोचवली, पोस्टमनच तो. अक्काने त्याच दुपारी मशीनवरचं कापड काढलं, कारण एका शाळेच्या तीनशे गणवेशांचं काम अडून बसलं होतं आणि शाळा उघडायला सातच आठवडे राहिले होते.

भावोजींनी हॉस्पिटलमधून रिपोर्टाबरोबर त्या तुकड्याच्या कापाची काचेची पट्टीही मागून आणली होती. "आपल्या घरात एवढं जाणतं माणूस आहे," ते म्हणाले, "एकदा तिच्या नजरेखालून जाऊ दे." मान म्हणून आणली होती, शंका म्हणून नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बारकीने डबा बाजूला सारला आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

आधी तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. तिने पट्टी काढून पुसली, पुन्हा लावली. जिभेचा तुकडा मेणात नीट उभा बसवला की काप कसा ओळीने दिसतो: वर कातडी, तिच्याखाली मऊ थर, त्याच्याखाली स्नायूंच्या दोऱ्या. इथे नुसती कातडीच पसरली होती, अंगणातल्या फरशीसारखी. कडेपासून कडेपर्यंत तिने पट्टी सरकवली. खालचा थर नाही. स्नायू नाही. तुकडा बसवणाऱ्याने तो उभा न करता आडवा झोपवला होता, आणि काप वरच्यावर निघून गेला होता.

वाईट असं काही दिसत नव्हतं. पण वाईट जिथे दिसलं असतं, तो भाग कापात आलाच नव्हता. एका कोपऱ्यात पेशींची गर्दी जरा जास्त होती, रंग जरा गडद होता. त्याबद्दल बोलायचा तिला अधिकार नव्हता, आणि खरं सांगायचं तर खात्रीही नव्हती. झोपवलेल्या तुकड्याबद्दल मात्र खात्री होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने स्वतः तशा चुका केल्या होत्या आणि बोलणी खाल्ली होती.

उपायही सोपा. मेण वितळवायचं, तुकडा उभा करायचा, पुन्हा गोठवायचं, कापायचं. तिच्या हातात दिला असता तर जेवणाच्या सुट्टीत होणारं काम. तिने सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यातून दोन फोटो काढले, छापून घेतले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून हॉस्पिटल गाठलं.

तपासणी विभागाच्या खिडकीत एक बाई बसली होती. तिच्या नखांच्या कडांना मेण होतं. ते पाहून बारकीला जरा धीर आला.

"हा तुकडा पुन्हा बसवून कापता येईल का?" तिने फोटो पुढे केला. "आडवा पडलाय. तुम्हाला सांगायला नको."

त्या बाईने फोटोकडे पाहिलं, आणि मग जरा जास्तच वेळ पाहत राहिली. "तुम्ही कुठल्या लॅबमध्ये?"

"विद्यापीठात. उंदरांवर."

"इथे दिवसाला दोनशे तुकडे येतात. आम्ही तिघी आहोत."

"मी दोष द्यायला आले नाही हो."

"ठोकळा आत कपाटात आहे," बाई हळू आवाजात म्हणाली. "पण रिपोर्ट गेल्यावर त्याला हात लावायचा तर डॉक्टरांची सही लागते. माझ्या हातात काही नाही."

रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर अर्ध्या उघड्या दारातूनच बोलले. तुकडा लहान होता, आहे त्यात काही सापडलं नाही, तसं लिहिलंय. सर्जनना शंका असेल तर त्यांनी लेखी मागावं. ते उद्धट नव्हते, घाईत होते. त्यांच्या मागे टेबलावर पट्ट्यांच्या चळती लागल्या होत्या आणि त्या प्रत्येक पट्टीमागे कुणीतरी घरी वाट पाहत बसलं होतं, हे बारकीलाही दिसत होतं.

सर्जन बाहेरगावी होते. शुक्रवारी येणार होते.

शुक्रवारच्या आधी गुरुवार आला, आणि विभागप्रमुख मॅडमनी तिला वर बोलावलं. मॅडमच्या एका शोधनिबंधाचं घोडं अडलेलं होतं. परीक्षकांनी तीन आठवड्यांत नवे काप मागितले होते आणि सगळा भार बारकीवर होता. तिला वाटलं, त्याचीच चौकशी असेल. मॅडमच्या संगणकावर मात्र अक्काची जीभ होती. जांभळी-गुलाबी, पडदाभर. कॅमेऱ्याने काढलेला प्रत्येक फोटो आपोआप विभागाच्या साठ्यात जातो, हे ती गडबडीत विसरली होती.

"हा माणसाचा तुकडा आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या बहिणीचा."

"आपल्याला माणसांच्या नमुन्यांची परवानगी नाही, ताई. तुम्ही माझ्यापेक्षा जुन्या आहात इथे. उद्या कुणी विचारलं तर सगळा विभाग बंद पडेल."

"मॅडम, तुकडा आडवा बसलाय. तुम्हीच बघा."

मॅडमनी पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. "बसलाय खरा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिच्यासमोरच एका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला. पलीकडून काय उत्तर येतंय ते त्यांच्या मान हलवण्यावरूनच कळत होतं. "ते म्हणतात, पेशंटने आपल्या डॉक्टरांमार्फतच यायला हवं," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "मी याहून जास्त काही करू शकत नाही. आणि मला तुम्हाला लेखी समज द्यावी लागेल. नाइलाज आहे."

त्यांनी फोटो पुसून टाकले. समजेच्या कागदावर बारकीने सही केली, खाली येऊन उंदराचं यकृत यंत्राला लावलं आणि पाच वाजेपर्यंत कापत बसली. त्या दिवशीचे काप नेहमीसारखेच निघाले. तिला त्याचाच राग आला. हात तरी थरथरायला हवे होते.

सर्जन शुक्रवारी भेटले. तोंडाने गोड माणूस.

"पेशंट कुठे आहे?"

"ती कामात आहे. मी तिची बहीण. मी विद्यापीठात हेच काम करते."

"डॉक्टर आहात?"

"नाही. टेक्निशियन."

त्यांनी छापलेला फोटो हातात घेतला, उलटा की सुलटा याचा क्षणभर अंदाज घेतला आणि परत दिला. "मला यातलं तुमच्याइतकं कळत नाही, खरं सांगतो. रिपोर्ट चांगला आहे, चट्टाही वाईट दिसत नव्हता. तरी तुमचं मन खात असेल तर त्यांना घेऊन या. मी बघतो, वाटलं तर पुन्हा तुकडा घेऊ. त्यांच्याशिवाय मी काय करणार?"

म्हणजे सगळं येऊन ठेपलं अक्कावर. बारकीला वाटलं, सुटले. अक्का म्हणजे काय परकी?

रविवारी ती गेली तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पलंगावर, खुर्च्यांवर, दाराच्या कडीवरसुद्धा निळं कापड. अक्का मशीनवर वाकलेली, तोंडात टाचण्या, तरी बोलणं चालूच.

"अक्का, टाचण्या काढ. ऐक." बारकी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "एखादी रजई किती जाड आहे, आत कापूस नीट आहे की गाठी झाल्यात, हे बघायचं तर काय करशील?"

"उभी चिरेन."

"आणि वरवर कात्री फिरवली तर?"

"नुसती खोळ निघेल." अक्काने टाचण्या हातात काढल्या. तिच्या डोळ्यांत ओळख पटल्यासारखं झालं. कापण्याबद्दल तिला दोनदा सांगावं लागत नसे. "म्हणजे त्यांनी माझी नुसती खोळ बघितली?"

"हो."

"मग तुला काय दिसलं त्यात?"

"काही नाही दिसलं, अक्का. तेच तर सांगतेय."

"काही नाही दिसलं म्हणजे काही नाहीये," भावोजी आतून म्हणाले. "एवढ्या मोठ्या डॉक्टरने सही केलीय. शिक्का आहे खाली."

"भावोजी, शिक्का बरोबर आहे. खालचा काप चुकलाय."

"बरं, बरं," अक्का म्हणाली. "शाळा उघडू दे. तीनशे पोरं काय उघडी जातील?"

"एक दिवस, अक्का. एक सकाळ."

अक्काने पायाने मशीन थांबवलं. घर एकदम इतकं शांत झालं की भावोजी दारात येऊन उभे राहिले.

"बारके, मी तुला सांगितलं नाही," अक्का म्हणाली. "ते आठ दिवस मी मेलेलीच होते. ताटावर बसायचे ती मेलेली, झोपायचे ती मेलेली. मग तो कागद आला आणि मी उठले. आता परत ती सुई, परत ते आठ दिवस... नको ग. जरा जगू दे मला. सहा महिन्यांनी बोलावलंय ना? तेव्हा जाईन. तुझ्या गळ्याची शपथ."

अक्काला घाबरलेलं बारकीने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. तिने निळ्या कापडाची एक बाही उचलली आणि दुमडून ठेवली.

शाळा उघडली, गणवेश गेले. बारकीने पुन्हा विषय काढला. अक्का म्हणाली, चट्टा कमी झालाय. बारकीने टॉर्च लावून पाहिलं. तिला काही तो कमी वाटला नाही, पण ती काय डॉक्टर होती? पुढच्या रविवारी तिने पुन्हा काढला, त्याच्या पुढच्याही. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एकदा ती निघाली तसे भावोजी जिन्यात मागे आले.

"तुझं आयुष्य उंदरांची आतडी बघण्यात गेलं, बारके, म्हणून तुला जिथे तिथे रोग दिसतो," ते दबक्या आवाजात म्हणाले. तो माणूस इतक्या वर्षांत तिच्याशी कधी वाकडं बोलला नव्हता. "तू येऊन गेलीस की तिला चार-चार दिवस झोप लागत नाही. आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी राहते. पुरे कर आता."

तिने पुरे केलं. त्यानंतर दोन महिने ती रविवारी जायची, जेवायची, हवापाण्याच्या गप्पा मारायची आणि परत यायची. मी सांगितलं होतं, असं तिने पुढे स्वतःला कितीदा तरी बजावून पाहिलं. सांगितलं होतं हे खरं. नंतर गप्प बसले, हेही तितकंच खरं.

पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, भावोजी तिच्या तळघराच्या दारात उभे दिसले. या जागी ते कधीच आले नव्हते. टोपी काढून हातात धरली होती, रजिस्टर पत्रावर सही घ्यायला आल्यावर धरायचे तशी.

"गाठ आहे," ते म्हणाले. "जबड्याखाली. गाउनचं वरचं बटण लावताना तिच्या हाताला लागली." मग त्यांनी खोलीतली यंत्रं, बाटल्या, बर्फाची पाटी एकेक करून पाहिली. "हे सगळं असतं होय तुझं काम," ते म्हणाले आणि तिथल्या एकुलत्या एका स्टुलावर बसून राहिले.

पुढचं भराभर झालं. आता कुणीही थांबा म्हणालं नाही. गाठीत सुई घातली, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि सर्जनने स्वतः चिठ्ठी लिहून अक्काला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॅन्सर हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांना जुना ठोकळा हवा होता. चार महिने ज्या ठोकळ्यापर्यंत तिचा हात पोहोचला नव्हता, तो आता एका चिठ्ठीवर मिळाला.

खिडकीत तीच बाई होती. तिने रजिस्टरवर भावोजींची सही घेतली आणि ठोकळा पाकिटात घालून बारकीच्या हातात दिला. भावोजी जिन्याकडे वळल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी बोलले नाही. मीच बसवला होता."

बारकीने पुष्कळ काही बोलायची तयारी मनात कधीपासून करून ठेवली होती. पण समोर दिसत होती फक्त नखांतलं मेण घेऊन बसलेली एक दमलेली बाई, आणि तिच्यामागे तुकड्यांची तुडुंब भरलेली टोपली. "माझ्याही हातून झालंय असं," ती म्हणाली. तिच्या हातून उंदरांचं झालं होतं, एवढा फरक.

कॅन्सर हॉस्पिटलची नमुने घ्यायची खिडकी तीन वाजता उघडायची. भावोजी अक्काजवळ गेले, आणि बारकी ठोकळा घेऊन कामावर आली. तिने तो ओट्यावर ठेवला. पिवळट मेणात तांदळाएवढा तुकडा नुसत्या डोळ्यांनाही आडवा पडलेला दिसत होता. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. यंत्र हाताशी होतं, पातं नवं होतं, पाणी कोमट होतं. अर्धा तास पुरला असता.

तिने हात लावला नाही. तुकडा आधीच एवढासा. तिकडच्या लोकांना त्यातून पुढच्या चाचण्या करायच्या होत्या, आणि प्रत्येक कापासरशी तो कमी होणार होता. शिवाय जे कळायचं ते गाठीने सांगितलंच होतं. आता कापणं म्हणजे आपलंच खरं होतं हे स्वतःला दाखवणं, आणि त्यासाठी अक्काचा एक कणही वाया घालवायचा नव्हता. तिने उंदराचा ठोकळा यंत्राला लावला आणि अडीचपर्यंत त्याचे काप काढले. अक्काचा ठोकळा हातभर अंतरावर तसाच पडून होता.

तिकडे त्यांनी तुकडा उभा करून कापला. होतं. कातडीखाली, स्नायूंच्या दोऱ्यांत शिरलेलं. नवे डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगायला वेळ देत होते. बारकीने त्यांना विचारलं, "चार महिने आधी कळलं असतं तर?"

"कदाचित कमी कापावं लागलं असतं," ते म्हणाले. "मानेत कदाचित गेलंही नसतं. कदाचित तेव्हाच गेलेलं असेल. हे आता कुणीच सांगू शकत नाही."

भावोजी शेजारीच होते. बसथांब्यावर आल्यावर, बस दिसायला लागल्यावर म्हणाले, "तू सांगत होतीस." तिला वाटलं, हे त्यांनी बोलायला नको होतं. चुकीची ठरून घरी जायला ती एका पायावर तयार होती.

अक्काची अर्धी जीभ काढली, आणि मनगटाजवळची कातडी घेऊन तिथे ठिगळ लावलं. मानेतल्या गाठी काढल्या. त्यांतल्या तीन गाठींत रोग निघाला. म्हणून पुढे किरणं होती, आणि किरणांच्या पुढे काय ते कुणी ठामपणे सांगत नव्हतं. मॅडमनी बारकीची रजा न विचारता मंजूर केली. त्यांचा शोधनिबंध तोवर छापून आला होता. त्यांनी त्याची एक प्रत तिच्या ओट्यावर ठेवली होती. ती कित्येक दिवस तशीच पडून राहिली.

सहा आठवड्यांनी अक्का घरी आली. नळी निघाली होती, पातळ पदार्थ चमच्याने जात होते, आणि बोलायला सुरुवात झाली होती. बोलणं म्हणजे नुसता आवाज, ओला, गोल, कडा नसलेला. दिवसभर जवळ असल्यामुळे भावोजींना त्यातलं सगळं कळायचं. ती दोन सूर काढायची आणि ते उशी सरकवायचे, किंवा हसायचे, किंवा "आता तो विषय नको" म्हणायचे. बारकीला काही म्हणता काही कळत नसे. ती अक्काच्या ओठांकडे पाहायची, गळ्याकडे पाहायची, कान टवकारायची. अक्काचं बोलणं कळत नाही, असं जन्मात पहिल्यांदाच होत होतं.

एका दुपारी भावोजी औषधाच्या दुकानात गेले आणि दोघीच उरल्या. अक्का पलंगावर टेकून बसली होती. थोड्या वेळाने तिने बारकीकडे पाहून काहीतरी म्हटलं.

"काय ग?"

अक्काने पुन्हा तेच म्हटलं, जरा सावकाश. शेवटी सूर वर गेला. प्रश्न होता बहुतेक. कपाळावर आठी होती, डोळे बारीक केलेले. हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला माहीत होतं. ती कितीतरी दिवस त्याचीच वाट पाहत होती.

"हो, अक्का," ती म्हणाली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "मी अजून भांडायला हवं होतं. तुला ओढत न्यायला हवं होतं. भावोजी रागावले म्हणून मी गप्प बसले. तू घाबरलीस ते मला बघवलं नाही. मला ठाऊक होतं ग, तुकडा आडवा होता हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी दर रविवारी इथे जेवून जात होते."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. कातडी काढलेल्या जागी पट्टी बांधलेला तो हात तिने उचलला, आणि तिला जवळ घेतेय की गप्प करतेय ते बारकीला कळलं नाही. मग अक्काने तिसऱ्यांदा तेच म्हटलं. तोच सूर, तीच आठी.

बारकीने मान हलवली. "हो," ती म्हणाली. अक्काने डोळे मिटून घेतले.

जिन्यात पावलं वाजली. भावोजी आत आले, पिशवी खाली ठेवली, आणि अक्काने डोळे न उघडताच तेच सूर पुन्हा काढले.

"अगं, तिच्या डोळ्यांवर ऊन येतंय," भावोजी म्हणाले. "कधीची सांगतेय म्हणते. पडदा ओढ."

बारकी उठली आणि तिने पडदा ओढला.